मायावी आरसा

राजगडाच्या पायथ्याशीं पालीसारख्या गांवींही आतां मोबाईल पोंचला आहे, आणि त्याबरोबर एक मायावी आरसाही. त्याचा थोडा विचार आपण करूं.

हा आरसा डोळे, ओठ, गाल यांचीं ठिकाणें हेरून आपल्या हलत्या प्रतिमेवर रंग चढवितो. यास वर्धित वास्तव म्हणतात. डाग व सुरकुत्या ओळखून लेप सुचविणें हें कृत्रिम बुद्धिमत्तेचें काम. ती असंख्य छायाचित्रें पाहून शिकते. मुंबईच्या नायका कंपनीनें मोडिफेसचा असा आरसा इ. स. २०२१ मध्यें ग्राहकांपुढें ठेविला.

परंतु जे चेहरे दाखविले, तेच यंत्र नीट शिकतें. इ. स. २०१८ मध्यें जॉय बुओलाम्विनी व टिम्निट गेब्रू या विदुषींनीं चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन यंत्रणा तपासल्या. गोऱ्या पुरुषांविषयीं चूक शेंकडा ०.८ च्या वर गेली नाहीं. सांवळ्या स्त्रियांविषयीं ती ३४.७ पर्यंत गेली. मग भातलावणींत राबणाऱ्या आमच्या मातांच्या कांतीविषयीं यंत्राचा निवाडा अखेरचा कसा मानावा?

शिवाय आरशास स्पर्श नाहीं. अंगावर फिकट चट्टा उठून तेथील संवेदना गेली, तर तें कुष्ठरोगाचें लक्षण असूं शकतें. आरसा त्यावर रंग चढवील. डॉक्टर कापूस फिरवून 'कळतें का?' असें विचारतील. वेळीं औषध घेतल्यास हा रोग बरा होतो, व सरकारी दवाखान्यांत तें विनामूल्य मिळतें. यास्तव पालकांस आमची विनंति कीं, असा चट्टा लपवूं नये. मुलास त्वरित डॉक्टरांकडे न्यावें.