आराखडा काउंटरवर लिही

पोरी, पतसंस्थेचं डिजिटल काम तुझ्याकडे आलं हे ऐकून फार बरं वाटलं. संचालक मंडळाने तीन वर्षांचा आराखडा मागितलाय आणि सल्लागारांचं जाडजूड प्रेझेंटेशनही येऊन पडलंय, असं ताई सांगत होती. ते प्रेझेंटेशन तूर्त कपाटात राहू दे. सॉफ्टवेअरच्या धंद्यात माझी हयात गेली, त्यातलं जे खरोखर कामाला आलं तेवढं तुझ्या कानावर घालतो.

पहिले पंधरा दिवस आराखड्याची एक ओळही लिहू नकोस. शाखेत काउंटरच्या आत, लिपिकाशेजारी खुर्ची टाकून बस. बाजारच्या दिवशी तर चुकवूच नकोस. कोण येतं, काय मागतं, कशापायी दुसरा हेलपाटा पडतो, ते सभासदाच्याच शब्दांत वहीत उतरव. मावशी म्हणाल्या, ‘दुधाचा पगार पडला का बघा,’ तर तसंच लिही. त्याचं ‘शिल्लक चौकशी सेवा’ करू नकोस. पासबुक भरायला रांगेत उभ्या असलेल्या बऱ्याच जणांना पासबुकाशी काही देणंघेणं नसतं. पैसे जमा झाले की नाही, एवढंच त्यांना हवं असतं आणि त्यासाठी एसटीचं भाडं आणि अर्ध्या दिवसाची मजुरी गेलेली असते.

मग त्यांच्या हातातला फोन बघ. माझ्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. खातं आईचं, पण नोंदवलेला नंबर पुण्यात कंपनीत असलेल्या मुलाचा. अ‍ॅपमध्ये शिरायचं तर ओटीपी जाणार मुलाकडे. आई शेजारणीच्या फोनवरून त्याला गाठायला बघते, तो शिफ्टवर असतो, फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असते. दोन-तीन वेळा असं झालं की अ‍ॅप लॉक होतं आणि मावशी परत काउंटरवर हजर. आता सांग, अशा घरात चकचकीत अ‍ॅप देऊन काय साधेल? सभासदाचा नंबर सभासदाचाच आहे का, हा तुमच्या आराखड्यातला पहिला प्रश्न. नसेल तर नंबर दुरुस्तीची मोहीम आधी, अ‍ॅप मागून. साध्या फोनवाल्यांनाही सोडू नकोस. खुद्द रिझर्व्ह बँकेने २०२२च्या मार्चमध्ये त्यांच्यासाठी ‘यूपीआय १२३ पे’ आणलं, ते हा वर्ग मोठा आहे म्हणूनच.

व्हेंडरची मंडळी अजाइल, स्प्रिंट, बॅकलॉग, स्टँडअप असे शब्द पेरतील. बिचकू नकोस आणि भाळूही नकोस. २००१च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्डला १७ जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा काढला. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालतं सॉफ्टवेअर मोलाचं आणि ठरल्या बेताला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं मोलाचं, हा त्यातला आपल्या कामाचा भाग. कागद नकोतच असं त्यांनी म्हटलेलं नाही. काहीच लिहून न ठेवणाऱ्या टीम मी पाहिल्यात. एक माणूस नोकरी सोडून गेला की सगळं ठप्प.

तुझ्यासाठी याचा अर्थ असा, की दर दोन आठवड्यांनी सभासदाच्या हातात देता येईल असं काहीतरी लहान, पण पुरं झालेलं हवं. पैसे जमा होताच मराठीत एसएमएस, यापासून सुरुवात कर. दिसायला किरकोळ, पण करायला गेलीस की खाचखळगे कळतील. देवनागरी एसएमएसमध्ये ७० अक्षरं मावतात, रोमन लिपीत १६०. काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. ७०च्या पुढे गेलीस की एका निरोपाचे दोन होतात आणि पैसेही दोनाचे लागतात. म्हणून ‘आपल्या बचत खात्यामध्ये रक्कम रुपये’ हा सरकारी थाट सोड, ‘दुधाचे ₹… जमा’ पुरे. मजकुराचा साचा डीएलटीवर, म्हणजे एसएमएसच्या नोंदणी व्यवस्थेवर, आधी नोंदवावा लागतो, त्यात दिवस जातात. ते काम पहिल्याच स्प्रिंटमध्ये, म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांत, टाक. तोवर तोच मजकूर कागदाच्या चिठ्ठीवर छापून काउंटरवर पाच-सहा जणांना वाचायला दे. कुठे अडखळतात ते गप्प राहून बघ. मध्ये समजावून सांगायचा मोह फार होतो, तो आवर. तू घरोघरी समजवायला जाणार नाहीस.

मंडळ म्हणेल, आराखड्याआधी काम कसलं? त्यांना ब्रिटनचं उदाहरण दे. तिथे सरकारच्या डिजिटल टीमने २०११च्या मे महिन्यात एक कच्चा नमुना लोकांपुढे ठेवला, टीका अंगावर घेतली, सुधारणा केल्या, आणि १७ ऑक्टोबर २०१२ला गव्ह डॉट यूके ही साइट जुन्या दोन मोठ्या साइटींच्या जागी उभी राहिली. सरकारची डिजिटल स्ट्रॅटेजी छापून आली ती त्यानंतर, नोव्हेंबरमध्ये. त्यांच्या तत्त्वांच्या यादीत पहिलं तत्त्व होतं वापरणाऱ्याच्या गरजेपासून सुरुवात करण्याचं. कागदाला वजन आलं, कारण मागे चालतं काम होतं.

आणखी एक धोका आत्ताच सांगून ठेवतो. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत चेअरमनसाहेबांच्या हस्ते बटण दाबून सगळं एकदम सुरू करायची टूम निघेल. अमेरिकेत आरोग्य विम्याची सरकारी साइट १ ऑक्टोबर २०१३ला अशीच वाजतगाजत उघडली आणि पहिल्या दिवशी जेमतेम ६ जणांची नोंदणी पुरी झाली. तू एका शाखेत, ओळखीच्या सभासदांपासून सुरू कर. सभेत साहेबांचा मान ठेवायचाच, तर व्यासपीठावर एखाद्या सभासद बाईंना बोलाव आणि चालू असलेली सेवा त्यांच्याच हाताने दाखव.

दर डेमोला निदान एक संचालक आणि एक खराखुरा सभासद समोरासमोर असायला हवेत, याबाबत हट्ट धर. सभासद पडद्यावर चाचपडताना बघितला, की ‘लॉगिनला आणखी तीन प्रश्न टाका’ म्हणणारा संचालक आपणहून गप्प होतो.

आराखडा लिहिशील तेव्हा एका पानात बसव. प्रत्येक ओळीत आपला अंदाज काय, तो खोटा ठरला हे कशावरून ओळखणार आणि ठरल्यास काय थांबवणार, हे लिही. शेवटचं फार जणांच्या जिवावर येतं. अ‍ॅप किती जणांनी डाउनलोड केलं हा आकडा मिरवू नकोस. पुढच्या महिन्यात किती जण परत आले आणि नुसत्या चौकशीसाठी येणारी रांग किती घटली, हे मोज.

आपल्याकडची ई-पीक पाहणी ध्यानात घे. २०२१मध्ये शेतकऱ्याच्या हाती अ‍ॅप आलं, स्वतःच्या पिकाची नोंद स्वतः फोटोसह करायची. २०२२मध्ये दुसरी आवृत्ती आली, तीत आपली नोंद ४८ तासांत एकदा दुरुस्त करायची सोय होती. माझ्या मते चुकलेलं सुधारायला वाव देणं हा साधा फेरफार नाही. माणसावर विश्वास टाकायचा की नाही, हा धोरणाचा निर्णय आहे. तुमच्या प्रत्येक फॉर्ममध्ये मागे जायची वाट ठेव.

पिग्मी एजंटना विसरलीस तर सगळं मुसळ केरात. दुकानदार रोज त्यांचं तोंड बघतो, तुझं नाही. अ‍ॅपमुळे कमिशन बुडेल अशी भीती असली तर ते पहिल्याच दिवशी ‘अ‍ॅपचं काही खरं नाही’ म्हणून मोकळे होतील. कमिशनचं काय होणार, ते मंडळाकडून आधी ठरवून घे, मगच त्यांच्यासोबत बाजारपेठेतून फेरी मार.

व्याजाचा हिशेब, खतावणी आणि सभासदांची खाजगी माहिती मात्र या ‘करून बघू’ पद्धतीतून बाहेर ठेव. तिथे पूर्ण तपासणी झाल्याशिवाय एक अक्षर हलवायचं नाही, स्प्रिंट संपत असला तरी. चाचणीला खऱ्या खात्यांचा डेटा व्हेंडरला देऊ नकोस.

आणि सही करण्याआधी करार स्वतः वाच. तीन वर्षांची फीचर-यादी बांधून देणारा करार असेल तर तुझे हात पहिल्याच दिवशी बांधले गेले. तीन-तीन महिन्यांचे तुकडे पाड, प्रत्येक तुकड्यानंतर थांबायची मुभा लिहून घे, आणि डेटा व कोड पतसंस्थेच्या मालकीचा राहील हे कलम वकिलाकडून तपासून घे.