पीडित स्त्री आणि तिचे मुके सोबती

कौटुंबिक हिंसाचाराचा विषय निघाला म्हणजे नवरा, सासू, दीर, पोलीस ठाणे आणि कोर्ट एवढ्यांचाच विचार आपल्या मनात येतो. त्याच घराच्या दारात बांधलेल्या जनावराचा विचार सहसा कोणी करीत नाही. परंतु मारहाणीतून बाहेर पडलेल्या स्त्रीला आणि तिच्या मुलांना सावरण्यासाठी प्राण्यांची मदत घेण्याची पद्धत गेल्या काही दशकांत परदेशांत चांगलीच रुजली आहे. ही पद्धत काय आहे, तिच्या मर्यादा कोणत्या, आणि समुपदेशकापर्यंत पोहोचण्यासाठीच जिथे अनेक बायांना एसटीने तालुक्याच्या गावी यावे लागते त्या आपल्या धुळे जिल्ह्याला तिच्यातून काय घेता येईल, हे या लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम प्रश्न किती मोठा आहे ते पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसाचार झाल्याचे सांगितले. म्हणजे चौघींत एक. त्याच सर्वेक्षणानुसार देशात हिंसाचार सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या केवळ १४ टक्के. बाकीच्या गप्प राहतात. का गप्प राहतात याची कारणे आपण नेहमी ऐकतो : मुले, माहेरची गरिबी, लोकलज्जा. या यादीत आणखी एक कारण घालावे लागेल, त्याकडे आपण पुढे येऊच.

प्राण्यांच्या साहाय्याने मानसोपचार ही कल्पना मांडणाऱ्यांत न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ बोरिस लेविन्सन यांचे नाव अग्रभागी आहे. कोणाशीही न बोलणारा एक मुलगा त्यांच्याकडे उपचारासाठी आला असता त्यांचा कुत्रा जिंगल्स खोलीतच होता. मुलगा डॉक्टरांशी बोलला नाही, पण कुत्र्याशी खेळू लागला, आणि कुत्र्याच्या निमित्ताने पुढे डॉक्टरांशीही बोलू लागला. १९६१ साली लेविन्सन यांनी हा अनुभव आपल्या व्यवसायबंधूंच्या परिषदेत मांडला. तेव्हा काहींनी त्यांची थट्टा केली म्हणतात. आज मात्र अनेक देशांतील रुग्णालये, शाळा, आश्रयगृहे आणि न्यायालयेसुद्धा अशा प्राण्यांना आत घेतात. अमेरिकेतील सिॲटल येथे २००३ साली अत्याचाराची साक्ष देणाऱ्या लहान मुलींच्या सोबतीला जीटर नावाचा कुत्रा बसविण्यात आला होता. तेथूनच न्यायालयातील कुत्र्यांची प्रथा पुढे वाढली.

विद्यार्थ्यांनी येथे एक भेद नीट समजून घ्यावा. अंध व्यक्तीला रस्ता दाखविणारा कुत्रा हा एकाच माणसाचा सेवक असतो. उपचारास मदत करणारा प्राणी त्याहून वेगळा. तो आपल्या सांभाळकर्त्याबरोबर येतो, अनेकांना भेटतो आणि परत जातो. त्याचा स्वभाव पारखलेला असतो, त्याला शिकवण दिलेली असते, लसी टोचलेल्या असतात. गल्लीतला प्रेमळ कुत्रा आणून पीडित बाईसमोर उभा केला म्हणजे उपचार झाला, असे नव्हे.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते? वर्षानुवर्षे मार खाल्लेल्या स्त्रीचे शरीर सदैव सावध असते. कडी वाजली तरी ती दचकते. झोप लागत नाही. समोर माणूस बसला, त्याने प्रश्न विचारला, की पुन्हा आपली चौकशी चालली आहे असे तिला वाटते. "इतकी वर्षे का सहन केलेस?" हा प्रश्न तर जो तो विचारतो. कुत्रा तो विचारत नाही. तो येऊन शेजारी बसतो. बाई त्याच्या पाठीवर हात ठेवते, हाताला काम मिळते, समोरच्याच्या डोळ्यांत पाहण्याची सक्ती राहत नाही, श्वास हळूहळू संथ होतो. प्राण्याला कुरवाळताना रक्तदाब आणि हृदयाची गती काही वेळ खाली येते असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. या अवस्थेत समुपदेशकाशी बोलणे तिला सोपे जाते. एवढेच, पण हे एवढेसुद्धा थोडे नाही.

मात्र याचा गाजावाजा करू नये असे मला वाटते. या विषयावरील पुष्कळ अभ्यास थोड्या माणसांवर झालेले आहेत, आणि कुरवाळण्याने येणारी शांतता तासाभराची असू शकते. ती समुपदेशकाची, वकिलाची किंवा सुरक्षित छपराची जागा घेऊ शकत नाही. आपल्याकडे पिसाळलेल्या कुत्र्याची भीती खरी आहे, आणि लहानपणी चावा बसलेल्या बाईला कुत्रा पाहूनच कापरे भरेल. म्हणून आधी विचारणे आलेच. शिवाय प्राण्यालाही थकवा येतो. जो प्राणी कंटाळून तोंड फिरवतो त्याला तेथून उठून जाण्याची मुभा असली पाहिजे. सजीवांविषयी दयाभाव बाळगणे हे आपल्या राज्यघटनेने अनुच्छेद ५१-अ (छ) मध्ये नागरिकाचे कर्तव्यच ठरविले आहे. दुःखी माणसाच्या सेवेच्या नावाखाली ते गुंडाळून ठेवता येत नाही.

महाराष्ट्रात या पद्धतीचे काम मुंबई-पुण्याकडे ॲनिमल एंजल्स फाउंडेशन या संस्थेने सुरू केले. मानसशास्त्रज्ञ मिनल कविश्वर यांचा त्यात पुढाकार होता. त्यांचा भर विशेषतः विशेष गरजा असणाऱ्या मुलांवर राहिला. पीडित स्त्रियांसाठी असे प्रशिक्षित प्राणी जिल्ह्याच्या ठिकाणी मिळणे ही आज तरी दूरची गोष्ट आहे. मग आपण हा विषय येथेच मिटवावयाचा का? माझ्या मते नाही. कारण पुष्कळ स्त्रियांजवळ त्यांचा प्राणी आधीपासूनच असतो आणि घर सोडताना तोच मागे राहतो.

अमेरिकेतील संशोधक फ्रँक ॲशियोन यांनी युटा राज्यातील एका आश्रयगृहात आलेल्या ३८ स्त्रियांना त्यांच्या पाळीव प्राण्यांविषयी विचारले. हा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. प्राणी पाळणाऱ्या स्त्रियांपैकी ७१ टक्के जणींनी सांगितले की, नवऱ्याने किंवा साथीदाराने त्या प्राण्याला इजा करण्याची धमकी दिली होती अथवा प्रत्यक्ष इजा केली होती किंवा मारले होते. प्राण्याच्या काळजीपोटी घर सोडायला उशीर केल्याचेही काहींनी सांगितले. ज्याच्यावर तिचा जीव आहे त्यालाच ओलीस धरले की ती मुकाट्याने राहते, हे मारणाऱ्याला बरोबर कळते. मुलांच्या देखत प्राण्याला मारले जाते तेव्हा त्यांनाही धडा मिळतो, की उद्या आपली पाळी. अशा अभ्यासांच्या आधारे तेथे प्राण्यासह राहता येईल अशी आश्रयगृहे निघाली. न्यूयॉर्कमध्ये २०१३ पासून अशी सोय आहे. २०१८ साली अमेरिकेने कायदा करून अशा आश्रयगृहांना अनुदानाची तरतूद केली.

आपल्याकडेही २०२३ साली एक उल्लेखनीय आदेश झाला. वांद्रे येथील दंडाधिकारी न्यायालयात कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली एका विभक्त पत्नीने दरमहा ७० हजार रुपये पोटगी मागितली. आपल्यावर तीन कुत्रे अवलंबून आहेत हेही तिने अर्जात लिहिले होते. कुत्र्यांचा खर्च आपल्या माथी कशाला, असा नवऱ्याचा आक्षेप. न्यायालयाने तो मानला नाही. पाळीव प्राणी हा चांगल्या राहणीचा भाग आहे आणि तुटलेल्या नात्यांमुळे निर्माण झालेली भावनिक पोकळी ते भरून काढतात, अशा आशयाचे मत नोंदवून दरमहा ५० हजार रुपयांची अंतरिम पोटगी मंजूर झाली. हा खालच्या न्यायालयाचा अंतरिम आदेश आहे, इतर न्यायालयांवर तो बंधनकारक नाही. पण भटकून आलेला विचार म्हणून सोडून देण्यासारखाही नाही.

कोणी म्हणेल, ही मुंबईची आणि रॉटवायलर कुत्र्यांची गोष्ट, साक्री-शिंदखेड्याच्या मजूर बाईला तिचे काय? उत्तर असे की, आपल्या बाईचा रॉटवायलर म्हणजे तिची बकरी. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात १ कोटीहून अधिक शेळ्या मोजल्या गेल्या, आणि त्यांना चारणे, पाणी पाजणे, पिले सांभाळणे हे काम बहुतेक ठिकाणी बायाच करतात. पाच महिन्यांत वेत, कधी एक तर कधी दोन पिले, आजारपणात किंवा शाळेच्या खर्चाला विकून हाती येणारा पैसा. हा पैसा नवऱ्याच्या खिशातून येत नाही. दिवसभर तिच्यामागे फिरणारा, तिचा आवाज ओळखणारा जीवही तोच. घर सोडायचा विषय काढला तर आपल्या अहिराणीत बाई विचारील, "मनी बकरीले कोन देखी?" ऐकणाऱ्याला हे खुळचट वाटते. वस्तुतः ती आपल्या भांडवलाविषयी आणि आपल्या सोबत्याविषयी एकाच वेळी विचारीत असते. बकरी काही प्रशिक्षित उपचारक नव्हे. पण ती डोळ्यांआड विकली गेली तर बाईची उरलीसुरली उभारी जाते, आणि परतीचा रस्ताही मारणाऱ्याच्या दाराकडेच वळतो.

कायदा येथे उपयोगी पडतो, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये आर्थिक छळाचा समावेश असून स्त्रीधन हिरावणे आणि मालमत्तेची विल्हेवाट लावणे त्यात येते. आईने लग्नात दिलेली बकरी स्त्रीधन म्हणून मागता येते, आणि स्वतःच्या मजुरीतून घेतलेली तिची स्वतःची मालमत्ता म्हणून. कलम १८ खाली मालमत्ता विकण्यास आणि दंडाधिकारी नमूद करतील अशा अन्य कृत्यांस मनाई करता येते. जनावराला इजा करू नये, अशी मनाई याच कलमाखाली मागावी. कलम १९ (८) खाली तिचे स्त्रीधन व तिच्या हक्काची मालमत्ता परत देण्याचा आदेश मिळू शकतो. संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जनावर ठार मारले वा जायबंदी केले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. याउलट प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० मध्ये पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड! म्हणून तक्रार लिहिताना कलम कोणते लावले जाते याकडे डोळा ठेवावा.

बकरी कोणाची, हा वाद हमखास निघतो. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक आणि त्यापुढे मालक म्हणून नोंदलेले नाव पशुवैद्यकीय दवाखान्यात पाहून घ्यावे, बचतगटाच्या कर्जातून घेतली असेल तर गटाच्या वहीतील नोंद काढावी. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १८१ ही महिला मदतवाहिनी आहे आणि सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा मिळतो, मात्र तेथे जनावर बांधता येणार नाही. तेव्हा ते बांधण्याची सोय समाजाने करावयाची. बकरी अर्ध्या वाट्याने पाळायला देण्याची रीत खेड्यापाड्यांत जुनीच आहे. दुसऱ्या गावातील एखाद्या विश्वासू कुटुंबाने त्याच रीतीने दोन-चार महिने ती सांभाळावी, साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, आणि ती कोठे ठेवली हे नवऱ्याच्या माणसांना कळू देऊ नये.

आपल्या मंडळाकडे पीडित भगिनी आली की नाव, गाव, मुले किती, जखमा कुठे, एवढे आपण विचारतो. त्यापुढे हेही विचारावे : घरी काय पाळले आहे, ते कोणी आणले, त्याला कोणी मारले का, विकण्याची धमकी दिली का, आणि आज रात्री त्याला चारा-पाणी कोण करणार आहे? मिळालेली उत्तरे संरक्षण अधिकाऱ्यांच्या कौटुंबिक घटना अहवालात, आर्थिक हिंसाचाराच्या भागात, तिच्याच शब्दांत लिहवून घ्यावीत.