मोटारीचे मोजमाप

१९७२ सालची गोष्ट. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील यूटा विद्यापीठाचे काही विद्यार्थी एका मोटारीभोवती जमले होते. मोटार फोक्सवागन जातीची होती. तिची पाठ भुंगेऱ्यासारखी फुगीर, म्हणून लोक तिला ‘बीटल’ म्हणत. कोणी टपावर चढला होता, कोणी दाराशी बसून रेघा ओढीत होता, तर कोणी वारभर लांबीची लाकडी पट्टी लावून आकडे सांगत होता. येणाऱ्या-जाणाऱ्यास वाटले असते, मोटार रंगवावयाची असेल. पण हा चालला होता संगणकाचा वर्ग! आणि मोटार होती त्यांचे अध्यापक आयव्हन सदरलंड यांच्या घरची.

अध्यापकांनी काम सांगितले होते ते असे : सर्वांच्या ओळखीची एखादी वस्तू संगणकात उतरवा. संगणकाला डोळे नव्हते. त्याला समजत ते केवळ आकडे. तेव्हा मुलांनी मोटारीच्या अंगावर रेघा ओढून तिचे लहानलहान तुकडे पाडले. तुकड्याच्या प्रत्येक कोपऱ्यासाठी तीन मापे घ्यावयाची : पुढच्या टोकापासून तो किती मागे, मधल्या रेषेपासून किती बाजूला आणि जमिनीपासून किती वर. या तीन आकड्यांनी त्या कोपऱ्याची जागा पक्की होते. एकच आकडा चुकला, तरी पडद्यावरच्या मोटारीला नसलेला पोचा आलेला दिसणार! मोटारीच्या दोन्ही बाजू सारख्याच, हे ध्यानी घेऊन त्यांनी एकच बाजू मोजली व दुसरी आरशातल्यासारखी संगणकाकडून करवून घेतली. याला आळस म्हणावयाचे की हुशारी, ते तुम्हीच ठरवा.

असे चित्र एकदा आकड्यांत बसले, म्हणजे ते कोणत्याही बाजूने पाहता येते. कागदावरच्या मोटारीची मागची बाजू आपणास कधी दिसत नाही. ही मात्र फिरवावी तशी फिरते. परंतु सपाट तुकड्यांची मोटार पैलू पाडलेल्या दगडासारखी खडबडीत दिसे. त्याच विद्यापीठात आंरी गूरो या विद्यार्थ्याने १९७१ साली यावर तोड काढली होती. तुकड्यांच्या कडेला उजेड एकदम न बदलता हळूहळू बदलत नेला, तर डोळा फसतो आणि पृष्ठभाग गोल, गुळगुळीत भासतो.

सदरलंड यांना डोळ्यांना फसविण्याचा नाद जुनाच होता. १९६३ साली त्यांनी प्रकाशाच्या लेखणीने थेट पडद्यावर आकृती काढण्याची रीत दाखविली. १९६८ साली त्यांनी डोक्यावर घालावयाचे एक यंत्र जगापुढे मांडले. डोके कोठे वळले हे कळावे म्हणून ते छतापासून लोंबणाऱ्या दांड्याला जोडलेले असे. डोक्यावर टांगलेल्या तलवारीची एक ग्रीक कथा आहे. तिच्यावरून या यंत्राला ‘डॅमोक्लीजची तलवार’ हे नाव पडले. ते घातलेल्या माणसाला समोरच्या खोलीत, हवेत तरंगणारा रेघांचा ठोकळा दिसे. मान वळविली की ठोकळ्याची दुसरी बाजू दिसे.

हे कसे घडते? आपले बोट नाकासमोर धरा. आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. बोट जागचे हललेले वाटेल. दोन डोळ्यांना दोन निरनिराळी चित्रे दिसतात आणि त्यांतील फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. ते यंत्र दोन डोळ्यांसमोर अशी दोन चित्रे धरते आणि मान हलताच दोन्ही बदलते. चित्र बदलण्यास क्षणाचा एक अंश जरी उशीर झाला, तरी माणसाला गरगरू लागते.

आज पुष्कळ महाविद्यालयांत अभिकल्पाचे, म्हणजे वस्तूंचे आराखडे करण्याचे शिक्षण अशा यंत्रांच्या साह्याने दिले जाते. ती आता हलकी झाली आहेत. छताचा दांडा केव्हाच गेला. विद्यार्थी हवेत हात फिरवून खुर्ची रेखाटतो आणि तिच्याभोवती हिंडून येतो. न बांधलेल्या घराच्या जिन्यावर उभा राहून पायरी फार उंच झाली काय, हे पाहतो. वीट लागण्यापूर्वीच चूक सापडते, हा लाभ लहान नव्हे. मात्र त्या खुर्चीवर बसता येत नाही. लाकडाचे वजन आणि हाताला लागणारी धार तेथे कळत नाही. म्हणून विद्यार्थ्याला पुठ्ठा, माती आणि करवत यांची सवय असावी, हे बरे.

यूटाच्या मंडळींना ती सवय होती. एड कॅटमल या विद्यार्थ्याने १९७२ साली स्वतःच्या डाव्या हाताचा साचा काढून त्यावर रेघा ओढल्या, मापे घेतली आणि संगणकात हलणारा हात तयार केला. पुढे जे पिक्सार चित्रगृह स्थापन झाले, त्याच्या संस्थापकांत ते होते. १९७५ साली मार्टिन न्यूएल यांनी आपल्या घरची पांढरी चहादाणी आलेखाच्या कागदावर काढली. तिचे आकडे इतके सोयीचे ठरले की जगभरचे विद्यार्थी आपला पहिला प्रयोग त्या चहादाणीवरच करू लागले. पुढे जिम ब्लिन यांनी त्या आकड्यांतील उंची कमी केली आणि तेच रूप सर्वत्र पसरले. मूळ चहादाणी कॅलिफोर्नियातील संगणक-इतिहासाच्या संग्रहालयात ठेवली आहे. चित्रांतून तिला वर्षानुवर्षे ओळखणारी माणसे तेथे गेली, म्हणजे तिच्याकडे बघतच राहतात. कारण खरी चहादाणी चांगलीच उंच आहे.