दिवा विझला, दुखणं राहिलं

मे २०२३. चिपळूणहून कऱ्हाडला परतत होतो आणि कुंभार्ली घाट जवळजवळ चढून झाला होता. गाडीत आई, पत्नी, बहीण, तिची दोन मुलं आणि मागे आंब्याच्या पेट्या. वरच्या वळणांपाशी गाडीचा जोर एकदम गेला. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी ती ओढेना. शिट्टीसारखा बारीक आवाज आला आणि आरशात निळ्या धुराचा लोट दिसला. मी गाडी कडेला घेऊन लगेच इंजिन बंद केलं. सगळ्यांना खाली उतरवून कठड्याच्या आत उभं केलं. टोचन करून गाडी कऱ्हाडला पोचायला रात्र झाली. टर्बो गेला होता. सगळं मिळून ४२ हजार रुपये खर्च आला. पण पैशापेक्षा, मुलांना घेऊन त्या वळणावर काढलेले अडीच तास माझ्या मनातून अजून जात नाहीत. त्या संकटाची सुरुवात मी स्वतः सहा महिने आधी, एका दुकानाच्या काउंटरवर केली होती. घरात जुनी एसयूव्ही असलेल्या प्रत्येकाला ते कळावं म्हणून हे लिहितो आहे.

ही सात जणांची डिझेल गाडी अण्णांनी २०११ साली घेतली. अण्णा गेल्यावर ती माझ्याकडे आली. २०२२ च्या दिवाळीपर्यंत १ लाख ७४ हजार किलोमीटर झाले होते. दोन गोष्टी खटकायला लागल्या होत्या. दोन हजार किलोमीटरमागे साधारण लिटरभर ऑईल कमी होत होतं. आणि लांबच्या प्रवासानंतर सिग्नलला गाडी उभी राहिली की डॅशबोर्डवरचा ऑईलचा लाल दिवा लुकलुकायचा, रेस दिली की विझायचा.

ऑईल बदलायची वेळ आलीच होती. स्पेअर पार्टच्या दुकानात सांगितलं, तर सल्ला मिळाला: “इंजिन झिजलंय, आता जाड ऑईल टाका.” मी २०डब्ल्यू-५० घेतलं. त्याच्याबरोबर ऑईल दाट करणारी एक बाटलीही घेतली. मॅन्युअलमध्ये काय लिहिलं आहे ते बघितलं नाही. डब्यावर दर्जाची कोणती अक्षरं आहेत तेही वाचलं नाही.

पहिल्या आठवड्यात वाटलं, जादू झाली. लाल दिवा लुकलुकायचा थांबला. इंजिनचा आवाज मऊ झाला. ऑईल कमी होण्याचं प्रमाणही घटलं. तो सल्ला मी आणखी दोघांना दिला, याचं मला आज सर्वांत जास्त वाईट वाटतं.

थंडी पडल्यावर सकाळी गाडी चालू केली की काही सेकंद वरून टॅपेटचा खडखडाट यायचा. अ‍ॅव्हरेज लिटरमागे किलोमीटरभर उतरलं. पिकअप जड झाला. ‘जुनी गाडी आहे, चालायचंच,’ असं म्हणून मी सोडून दिलं. ऑईल बदलण्याची पुढची तारीखही दोन महिने लांबवली. आणि मग तो घाट आला.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी टर्बोला ऑईल नेणारी बारीक नळी काढून मला दाखवली. आतून काळ्या, कडक थरानं ती निम्मी बुजली होती. टर्बोचा दांडा मिनिटाला १ लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तो ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असतो. इंजिन सुरू झाल्याबरोबर ऑईल तिथे पोचलं नाही, तर प्रत्येक सकाळी तो थोडाथोडा घासला जातो. मिस्त्रींनी सगळा दोष एकट्या दाट ऑईलवर टाकला नाही. जुन्या दर्जाचं ऑईल, वरून ओतलेली बाटली, लांबवलेली बदली आणि थंडीतला तो उशीर, या चौघांनी मिळून नळी आणि टर्बो संपवला, असं त्यांचं म्हणणं होतं.

खरा धडा पुढे होता. नवा टर्बो बसवून त्यांनी मॅन्युअलप्रमाणे १५डब्ल्यू-४० ऑईल भरलं. गाडी चांगली तापवली, तर लाल दिवा पुन्हा लुकलुकला! माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी शांतपणे प्रेशर स्विच काढला आणि त्याच जागी मोजायचा गेज लावला. दाब कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत होता. बिघडला होता तो स्विच. काही शे रुपयांची वस्तू. आणि ऑईल जात होतं ते टॅपेट कव्हरच्या कडक झालेल्या पॅकिंगमधून. इंजिनच्या मागच्या अंगाला ओघळून ते तिथेच जळत, सुकत होतं, म्हणून जमिनीवर कधी डाग पडला नाही.

“सर, ताप न मोजताच तुम्ही पेशंटला गोधड्या घातल्या,” ते म्हणाले.

माझं इंजिन झिजलेलंच नव्हतं. दाट ऑईलमुळे पॅकिंगमधून गळती कमी झाली आणि दाब वाढल्यानं खराब स्विचचा दिवाही विझला. मी त्यालाच बरं होणं समजलो. दाब वाढणं आणि ऑईल पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑईल दाट असलं की ते वाटेत अडतं, म्हणून दाब जास्त दिसतो. पण त्याच कारणानं ते बारीक वाटांमधून उशिरा पुढे सरकतं.

यातून जे शिकलो ते क्रमानं सांगतो.

आधी मोजा, मग निवडा. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवा आणि पातळी बघा. दर हजार किलोमीटरला हे करून आकडा लिहून ठेवा. ऑईल कमी होत असेल तर कुठे जातं ते शोधा. बाहेर गळत असेल तर पॅकिंग किंवा ऑईल सील. धूर निळा असेल तर ते आत जळतं आहे. डिपस्टिकवर किंवा झाकणाखाली दुधाळ तपकिरी फेस दिसला तर कूलंट मिसळल्याची शक्यता आहे, ताबडतोब गॅरेज गाठा. पातळी कमी होण्याऐवजी वाढत असेल तर डिझेल मिसळत असेल. लाल दिवा लागला तर मात्र स्विचवर संशय घेऊन गाडी चालवत राहू नका. आधी इंजिन बंद, मग पातळी, मग गेजनं दाब. डिझेल इंजिनात ऑईल लवकर काळं होतं, ते काजळीमुळे. नुसत्या काळ्या रंगाला घाबरू नका.

आकडे वाचायला शिका. १५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑईल किती सहज हलतं ते सांगतो, जितका लहान तितकं चांगलं. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑईल किती दाट राहतं ते सांगतो. हे आकडे म्हणजे तापमान नव्हे, ती श्रेणी आहे. ४० अंशांना साधारण १५डब्ल्यू-४० चा दाटपणा ११० सेंटिस्टोक्सच्या आसपास असतो, तर २०डब्ल्यू-५० चा १६० च्या पुढे. डिसेंबरच्या पहाटे हा फरक आणखी वाढतो. मॅन्युअलमध्ये तापमानानुसार चालणाऱ्या श्रेणींचा तक्ता असतो. आपल्याकडच्या हवेत १५डब्ल्यू पुरेसं पडतं. पण लडाख किंवा स्पितीला जायचं असेल आणि तक्त्यात ५डब्ल्यू असेल, तर तेच घ्या.

अक्षरं आकड्यांइतकीच महत्त्वाची. डब्यावर एपीआयचा दर्जा लिहिलेला असतो. एस ने सुरू होणारा पेट्रोलसाठी, सी ने सुरू होणारा डिझेलसाठी. डिझेलमध्ये सीएफ-४ हा १९९० च्या सुमाराचा, सीएच-४ १९९८ चा, सीआय-४ २००२ चा, सीके-४ २०१६ चा. काजळी सांभाळण्याची ताकद पुढच्या दर्जांत वाढत गेली. मॅन्युअलमध्ये सीएच-४ असेल तर सीआय-४ किंवा सीके-४ चालतं, पण सीएफ-४ कडे मागे जाऊ नये. मी नेमकं तेच केलं होतं. एफए-४ नावाचा दर्जा मात्र नव्या इंजिनांच्या पातळ ऑईलचा आहे, तो जुन्या गाडीत नको. घरात बीएस-६ डिझेल गाडीही असेल, तर जुन्या गाडीचं उरलेलं ऑईल तिच्यात ओतू नका. तिच्या धुराच्या फिल्टरला कमी राख सोडणारं ऑईल लागतं.

दाट करायचंच असेल तर एकच पायरी. गेजनं दाब खरोखर कमी निघाला, गळती नाही, तरी ऑईल जळतं, अशा झिजलेल्या इंजिनाला थोडं दाट ऑईल देता येतं. पण मॅन्युअलच्या तक्त्यात बसेल तेवढंच. उदाहरणार्थ ५डब्ल्यू-३० च्या जागी ५डब्ल्यू-४०. डब्ल्यूनंतरचा आकडा वाढवा, आधीचा वाढवू नका. म्हणजे तापल्यावर थर जाड राहील आणि सकाळी ऑईल पोचायला उशीर होणार नाही. वरून ओतायच्या बाटल्यांपासून लांब राहा.

मिनरल की सिंथेटिक? जुन्या गाडीत सिंथेटिक चालतच नाही, हा गैरसमज आहे. टर्बोच्या उष्णतेत ते जास्त टिकतं. मात्र वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेल्या इंजिनात गाळ साचलेला असतो. चांगलं ऑईल तो हळूहळू सोडवतं आणि कडक झालेल्या सीलमधली लपलेली गळती उघडी पडू शकते. म्हणून पहिली बदली लवकर करा. मी पहिलं ऑईल तीन हजार किलोमीटरला फिल्टरसकट बदललं. जोरदार फ्लशिंग टाळलं, कारण एकदम सुटलेला गाळ चेंबरमधल्या जाळीत अडकला तर ऑईल पंपालाच ऑईल मिळत नाही.

विकत घेताना आणि भरताना. बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. सील आपल्यासमोर फोडायला सांगा. रिकाम्या डब्याला भोक पाडा, म्हणजे त्यात भेसळीचं ऑईल भरून कोणी पुन्हा विकणार नाही. फिल्टर दर वेळी नवा आणि खात्रीचा घाला. पातळी वरच्या खुणेच्या पुढे जाऊ देऊ नका, जास्त ऑईलला फेस येतो. गाडी कमी फिरली तरी वर्षातून एकदा ऑईल बदला. जळकं ऑईल गटारात किंवा बांधावर ओतू नका, गॅरेजच्या पिंपात द्या. आणि घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन आयडलिंगला ठेवून मगच बंद करा, म्हणजे तापलेल्या टर्बोत ऑईल जळून थर धरणार नाही.

गाडी दुरुस्त होऊन आली त्या दिवशी मी डॅशबोर्डचा कप्पा साफ केला. मॅन्युअलच्या खाली अण्णांची छोटी वही सापडली. प्रत्येक वेळी भरलेलं डिझेल, किलोमीटर, ऑईलची पातळी, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात. शेवटच्या दोन पानांवर त्यांनी तीनदा लिहिलं होतं: “ऑईल थोडे कमी. पॅकिंग बघून घेणे.” ती वही मी चार वर्षं उघडली नव्हती.

आता मी तीच वही पुढे लिहितो. तुमच्या गाडीत अशी वही नसेल तर आजच एक ठेवा. ऑईलचा डबा विकत घेण्याआधी तिची मागची चार पानं वाचा. कालची माझी नोंद अशी आहे: किलोमीटर २,०३,४१०. ऑईल वरच्या खुणेबरोबर. पॅकिंग कोरडे.