बारा वर्षांच्या कन्येसाठी पुस्तके

प्रश्न : संकटांतून स्वतःचा आवाज गवसलेल्या मुलींविषयी माझ्या बारा वर्षांच्या कन्येला काय वाचावयास द्यावे? दुःखाची वर्णने तिला झेपतील काय?

उत्तर : झेपतील, कारण दुःखापेक्षा त्याविषयीचे मौनच मुलांना अधिक भिववते, असा माझा अनुभव आहे. प्रारंभी मी पुस्तक नव्हे, एक निबंध सुचवीन. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला, आणि १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात दोन हप्त्यांत प्रसिद्ध झालेला तो निबंध म्हणजे कोणाची दया याचणारा अर्ज नसून, ज्यांना धर्मग्रंथ पाहण्याचीही मुभा नाही त्यांचा धर्म तरी कोणता, असा थेट जाब आहे, आणि तो विचारणारी मुलगी आपल्या कन्येहून फारशी मोठी नव्हती.

त्यानंतर रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ द्यावे. अकराव्या वर्षी विवाह होऊन आलेल्या, पतीच्या इच्छेने अक्षरे गिरवणाऱ्या आणि त्यापायी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष निमूटपणे सोसणाऱ्या या मुलीची कथा संयत आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही आत्मकथा मात्र दोन वर्षे थांबून द्या. तिच्यातील प्रसन्न विनोदामागचे कष्ट कळण्यास थोडे वय लागते.

निबंध लहान आहे. येत्या रविवारी तो तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि आपण केवळ ऐकावे, ही विनंती.