टिंबर फ्रेमची खोली: आधी ओल मोजा, मग भिंत बंद करा

इंग्लंडमधल्या मराठी घरांत हल्ली एक विषय हमखास निघतो, घर वाढवायचा. आई-वडील व्हिसावर सहा महिने येतात, त्यांना जिना झेपत नाही, आणि इथल्या बहुतेक घरांत झोपायच्या खोल्या वर. आम्हीही बाबांच्या गुडघ्यांपायी मागच्या बाजूला बाथरूमसकट एक खोली काढली, टिंबर फ्रेमची, म्हणजे लाकडी चौकटीची. खोली आज उत्तम आहे. पण मध्ये जो मनस्ताप झाला, तो दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये असं मनापासून वाटतं.

आधी पैशाचं. ‘लाकूड म्हणजे स्वस्त’ ही समजूत मनातून काढून टाका. पाया विटांच्या खोलीइतकाच खणावा लागतो. चिकणमाती असेल, जवळ मोठं झाड असेल, तर बिल्डिंग इन्स्पेक्टर मीटरभर किंवा त्याहूनही खोल जायला सांगतो, वर भिंत कशाची आहे याचा त्यात फारसा प्रश्न नसतो. प्लॅनिंगची परवानगी न घेता बांधायचं असेल (लागून असलेल्या घराला मागे 3 मीटर, सुट्या घराला 4), तर बाहेरून नवं बांधकाम जुन्या घरासारखं दिसावं लागतं. म्हणजे घर विटांचं असेल तर लाकडी चौकटीबाहेर पुन्हा विटांची भिंत आलीच. गवंड्याची मजुरी वाचेल असं म्हणणाऱ्याला हे आधी विचारा. शिवाय कोटेशनमध्ये बारीक अक्षरात ‘व्हॅट वेगळा’ असतं. नव्या घराला व्हॅट शून्य, पण जुनं घर वाढवायला 20 टक्के. 60 हजार पौंडांचं काम तिथेच 72 हजारांवर जातं. प्लॅनिंगची परवानगी लागली नाही तरी बिल्डिंग रेग्युलेशनची मंजुरी लागतेच. शेजाऱ्याच्या बांधकामापासून 3 मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खणणार असाल, तर 1996 च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे त्याला महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते. हा खर्च आणि हा वेळही धरा.

मग फायदा कशात? वेगात आणि उबेत. कारखान्यातून तयार पॅनेल आली की चौकट काही दिवसांत उभी राहते. विटांच्या भिंती उठायला, गिलावा वाळायला लागणारा काळ वाचतो. चौकटीच्या उभ्या लाकडांमध्येच इन्सुलेशन बसतं, त्यामुळे जानेवारीतही बाबांची खोली घरातली सगळ्यात ऊबदार. गॅरेजवर मजला चढवायचा असेल, जुना पाया फार वजन पेलणारा नसेल, तर हलकी लाकडी चौकट हाच माझ्या मते शहाणा पर्याय.

पण लाकूड ओलं राहता कामा नये. सगळं त्यावर अवलंबून. आमची चौकट उभी राहिली आणि बिल्डर दुसऱ्या साइटवर निघून गेला. छपरावरचं आच्छादन आलेलं नव्हतं, पाऊस मात्र रोज येत होता. परत आल्यावर त्याने वर छप्पर घातलं आणि लगेच इन्सुलेशन भरायला घेतलं. प्लास्टरबोर्ड लावायच्या आदल्या दिवशी इन्स्पेक्टर आला. त्याने खिशातून मीटर काढून त्याच्या दोन सुया चौकटीच्या तळपट्टीत रोवल्या. ओल 20 टक्क्यांच्या खाली हवी, आकडा बराच वर होता. काम थांबलं. भरलेली लोकर ओढून काढली तर ती पाण्याने जड झालेली. मग हवा कोरडी करणारी यंत्रं दिवसरात्र घरघरत राहिली, वीज आमची, आणि यंत्रांचं भाडंही बिल्डरने आमच्याच बिलात लावलं. तो वाद मिटेपर्यंत घरात कुणाला नीट झोप नव्हती. तरी मी त्या इन्स्पेक्टरची ऋणी आहे. बोर्ड लागले असते तर भिंतीच्या आत बुरशी धरली असती आणि ती दिसेपर्यंत लाकूड सडलं असतं. 1983 साली ‘वर्ल्ड इन ॲक्शन’ या टीव्ही कार्यक्रमाने बांधकामातली अशीच हयगय दाखवली, तेव्हा इंग्लंडमध्ये टिंबर फ्रेमवरचा विश्वास उडाला होता. स्कॉटलंडमध्ये मात्र आज बहुतेक नवी घरं याच पद्धतीने उभी राहतात. दोष लाकडात नाही, घाईत आहे.

लक्ष ठेवायची दुसरी जागा म्हणजे प्लास्टरबोर्डमागचं प्लॅस्टिकचं आवरण. घरातली वाफ भिंतीत शिरू नये म्हणून ते असतं. आपल्याकडे रोज कुकर लागतो, हिवाळ्यात कपडे आतच वाळतात, तेव्हा आपल्या घरांत वाफ जास्तच. इलेक्ट्रिशियन सॉकेटसाठी हे आवरण सुरीने फाडतो आणि तसंच सोडतो. वाफ त्या फटीतून आत जाऊन थंड बाजूला पाणी होऊन बसते. प्रत्येक सॉकेटभोवती टेप लागली का, हे बोर्ड लागण्यापूर्वी स्वतः बघा, फोटो काढून ठेवा.

बाथरूममध्ये आधाराचा दांडा हवा असेल तर त्या जागी प्लायवूड आधीच ठोकून घ्या, नुसत्या प्लास्टरबोर्डवर माणसाचा भार टिकत नाही. दक्षिणेला मोठी काच घेताना जपा. हलक्या भिंतींची खोली उन्हाळ्यात लवकर तापते, आणि जुलै 2022 मध्ये इथला पारा चाळिशीपार गेला होता.

विमा कंपनीला काम सुरू होण्यापूर्वी कळवा. कंप्लीशन सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका, घर विकताना वकील तेच मागतो. आणि करारात हे एक वाक्य घालूनच सही करा: ओलीचा आकडा 20 च्या खाली असल्याचं लेखी मिळेपर्यंत इन्सुलेशन भरायचं नाही, आणि लाकूड वाळवायचा खर्च बिल्डरचा. जो बिल्डर याला तयार होणार नाही, त्याला काम देऊ नका.