पंप व मोटार यांची जोडणी

उजनी धरण 1980 साली पुरे झाल्यापासून सोलापूर जिल्ह्यात भीमाकाठी पंप फार वाढले आहेत. ऐन उन्हाळ्यात पंप बंद पडला की ऊस वाळू लागतो. आणि याचे मूळ पुष्कळदा मोटार व पंप यांचे दांडे जोडणाऱ्या कपलिंगात असते. त्यातील रबरी बुश थोडा वाकडेपणा सोसतात, परंतु तो नाहीसा करीत नाहीत. दांडे एका रेषेत नसल्यास प्रथम बुश झिजतात, मग बेअरिंगे तापतात. नळ आवळतानाही पंप किंचित सरकतो. म्हणून त्यानंतर, वीज तोडून, कपलिंगाच्या दोन्ही चकत्यांवर सरळ पट्टी चोहोंबाजूंनी टेकवून पाहावी; मधली फटही सर्वत्र सारखी असावी. मोटार खाली असल्यास तिच्या पायांखाली पातळ पत्रे सारावेत. ही तपासणी प्रत्येक हंगामाच्या आरंभी करावी, अशी आमची वाचकांस विनंती आहे.